वीस किलोंची बॅग

१

ओहोटी लागली तसा धक्क्याच्या टोकाच्या खांबाला अडकलेला माणूस दिसू लागला. आधी काळ्या रबरी सूटातले खांदे, मग मान, मग डोकं. डोक्याची मागची बाजू फुटली होती आणि खेकडे तिथपर्यंत पोचले होते.

त्याला वर काढलं दिनानाथ पराडकरनं. दिनानाथ धक्क्याचं काम करणाऱ्या ‘जलधी मरीन’ कंपनीतला पाणबुड्या. चेहरा आपल्याकडे वळवल्यावर तो एवढंच म्हणाला, "आयला, वाम्या! तू आज दुबईला चालला होतास ना?"

मेलेला माणूस वामन मयेकर, वय चौतीस, त्याच कंपनीतला पाणबुड्या. १९८७ सालचा फेब्रुवारी महिना होता. दुबईच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती आणि त्याच संध्याकाळचं विमान होतं. अंगात त्याचा स्वतःचा सूट होता, कंबरेला शिशाचे ठोकळे ओवलेला पट्टा, पाठीवर कंपनीची हवेची टाकी आणि पायांत माशाच्या परांसारख्या रबरी फिन्स.

करंजपाडा ठाण्याचे फौजदार दिलीप शिरोळे सोबत डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी धक्क्यावरच डोकं तपासलं, छाती दाबून पाहिली.

"नाकातोंडात फेस नाही. उद्या फुफ्फुसं उघडून खात्री करतो, पण हा बुडून मेलेला नाही. आणि घाव एक असता तर खांबावर आपटला म्हटलं असतं. इथं चार आहेत. एकाच जागी. कुणीतरी शांतपणे मोजून घातल्यासारखे."

शेजारी उभे असलेले विलास कारखानीस पुढे झाले. ते धक्क्यावरच्या कामाचे सुपरवायझर. वीस वर्षं नौदलात पाणबुडे होते. अजूनही पाठ ताठ, केस बारीक कापलेले.

"सकाळी तो माझ्याकडे अनुभवाचं सर्टिफिकेट न्यायला आला होता," ते म्हणाले. "मीच म्हटलं, जाता जाता शेवटचा खांब बघून जा. दोन पुरुष पाणी आहे. एवढ्या खोलीवर जाऊन लगेच विमानात बसलं तरी काही त्रास होत नाही. शेडमध्ये त्यानं कपडे बदलले, सूट चढवला. पंढरीनं होडीतून खांबापर्यंत नेलं. तो पाण्यात उतरल्याचं मी स्वतः पाहिलं, बुडबुडे पाहिले. मग शेडमध्ये फोन वाजला म्हणून आत गेलो."

"आणि होडीत पंढरी एकटाच?"

"एकटाच."

हवालदार खरमाटे तेवढ्यात होडी बघून आला. धापा टाकत म्हणाला, "साहेब, होडीच्या फळ्यांवर रक्त आहे. धुतलंय, पण खाचेत राहिलंय."

२

पंढरीला पकडायला कुठं जावं लागलं नाही. तो किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. करंजपाड्याचाच. पोरगा असल्यापासून या खाडीत होडी हाकणारा. त्याचा धाकटा भाऊ पोपट कंपनीत पाणबुड्या होता. गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात याच धक्क्याखाली पोपट मेला. वर ठेवलेल्या कॉम्प्रेसरमधून नळीनं खाली हवा जात होती. काम करता करता तो बेशुद्ध पडला आणि वर आला तो मेलेलाच. त्याला वर ओढून घ्यायची कमरेची दोरी त्या दिवशी वामनच्या हातात होती, असं कंपनीनं सांगितलं होतं. वामननं ते कधी नाकारलं नव्हतं.

आदल्याच दिवशी मासळीच्या पाट्यांपाशी पंढरीनं वामनची कॉलर धरली होती. "दुबईला जातंस? माज्या भावाला खाऊन दुबईला जातंस? तुजा मुडदा पारीन!" हे निम्म्या गावानं ऐकलं होतं.

"मी नाय मारला त्याला," ठाण्यात पंढरी म्हणाला. "मारनार व्हतो. पन नाय मारला. आज तर माजी होडी मी धक्क्यावरनं सोडलीच नाय."

"मग रक्त कुठनं आलं? बांगड्याचं?" खरमाटेनं विचारलं आणि पट्टा काढला.

शिरोळे तेव्हा ठाण्याच्या दारात होते. कंपनीची पंधरा-वीस माणसं लोखंडी कांबी घेऊन आली होती आणि पंढरी आमच्या हवाली करा म्हणत होती. एका कांबेनं ठाण्याच्या खिडकीची काच फुटली. दुसरी शिपायाच्या खांद्यावर बसली. शिरोळेंनी बंदूक मागवली, तेव्हा जमाव मागे सरला. हे सगळं होऊन ते आत आले तोवर पंढरीच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती आणि त्यानं गुन्हा कबूल केला होता.

"वल्ह्यानं मारला म्हणतोय," खरमाटे म्हणाला. "उद्या कोर्टात उभा करू. केस संपली."

ठाण्याच्या पायरीवर पंढरीची म्हातारी आई गोजरा बसली होती. जमाव आला तेव्हाही ती हलली नव्हती. शिरोळे बाहेर पडताना तिनं त्यांच्या पँटचा काठ धरला.

"सायेब, येक पोर या धक्क्यानं खाल्ला. दुसरा तरी मना परत दे."

शिरोळे शेडकडे निघाले. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. वल्ह्याची कड रुंद असते. डोक्यावरचे घाव लहान होते आणि चौकोनी.

३

शेडमध्ये खिळ्याला कंपनीचे दोन जुने रबरी सूट लटकत होते. शेजारच्या खुंटीवर वामनचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि दोन करड्या पँटी. खाली जाड तळव्याचे बूट. बाकावर त्याची बॅग, उघडी, वरचं सामान विस्कटलेलं. शिरोळेंनी शर्ट बराच वेळ हातात धरला, मग घडी न मोडता कागदात गुंडाळला. शेड बंद करून बाहेर शिपाई बसवला आणि बॅग जीपमध्ये टाकून ते वाशीला निघाले.

वामनची बायको अरुणा दुसऱ्या मजल्यावर राहत होती. घरात शेजारणी जमल्या होत्या. अरुणा रडत नव्हती. ती चिडली होती, आणि चिडण्यासाठी तिला माणूस सापडत नव्हता.

"ती बॅग!" शिरोळेंच्या हातात बॅग पाहताच ती म्हणाली. "चार दिवस या घरात दुसरा विषय नव्हता. वीस किलो, वीस किलो! वीसच्या वर विमानात घेत नाहीत. कोचीला जाताना काउंटरवर सगळ्यांदेखत बॅग उघडायला लावली होती ह्यांना. बनियनसुद्धा बाहेर. तेव्हापासून धसका घेतलेला."

"घरीच वजन केलं?"

"खाली भंगारवाल्याचा काटा आहे. चार वेळा बॅग घेऊन उतरले. शिसं आधीच काढलं. म्हणाले, शिसं जगात कुठंही मिळतं, ते उचलून नेणारा गाढव. हवेच्या टाक्या तिकडची कंपनी देणार. सूट दोन दिवस गच्चीवर वाळवला. लाकडाच्या हँगरवर."

"मी घाबरलेच होते," शेजारच्या मालतीबाई मध्येच म्हणाल्या. "म्हटलं, गच्चीवर कुणी गळफास घेतला की काय."

"मग माझा लाडवांचा डबा काढला," अरुणा म्हणाली. "मी म्हटलं, रबराचे पाय नेता आणि बायकोचे लाडू नाही? तर म्हणतात, लाडवांनी पाण्याखाली श्वास घेता येत नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणि सकाळी निघाले ते काय सोंग करून! एकावर एक दोन पँटी. जाड बूट. वर लग्नातला लोकरी कोट, ह्या उन्हात! कोटाच्या खिशांत पाने, पक्कड, बॅटऱ्या, सगळं लोखंड. म्हणाले, बॅग तोलतात, माणसाला कुणी तोलत नाही."

"कोटाचा रंग?"

"तपकिरी. का?"

"आतला शर्ट?"

"पांढरा. साधा पांढरा."

शिरोळेंनी कागद उलगडून पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट तिच्यासमोर धरला.

अरुणानं तो पाहिला. "हा मी काल रात्री इस्त्री करून बॅगेत सगळ्यात खाली घातला होता."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोळेंनी दिनानाथला धक्क्यावर बोलावलं. तिथं मासळी तोलायचा टांगता काटा होता. दिनानाथला अंघोळीलाही वेळ मिळाला नसावा. डोळे लाल होते.

"वामन गेला तर दुबईची जागा तुला मिळणार, असं ऐकलं," शिरोळे म्हणाले.

"मिळणार. मीच मागितली होती. पहिलं नाव माझंच होतं, वाम्याचं नंतर लागलं." दिनानाथनं सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी मारला म्हणताय?"

"म्हणत नाही. विचारतोय."

"साहेब, मला मारायचा असता तर पाण्याखाली मारला असता. हवेची नळी दाबली की झालं. फुकटचं टेन्शन कशाला घेऊ, वर, उजेडात, रक्त सांडून?"

"बॅग भर."

"काय?"

"वामनची बॅग. विमानाला नेतात तशी. सूटसकट."

प्रेतावरून उतरवलेला सूट गोणपाटात होता, त्यातून अजून पाणी गळत होतं. दिनानाथनं तो दुमडला, पिळायचा प्रयत्न केला आणि बॅगेत बसवला. फिन्स उभ्या लावल्या, मास्क फिन्सच्या आत, कपडे कडेनं. बॅग आकड्याला टांगली. काटा वीसवर थांबला नाही. तेवीसच्या जवळ जाऊन डुलत राहिला.

दिनानाथ काट्याकडे बघतच राहिला.

"विमानाच्या दिवशी सकाळी," शिरोळे म्हणाले, "तुला कुणी सांगितलं, जरा पाण्यात उतर, तर तू काय केलं असतंस?"

"उतरलो असतो. साहेबाकडून कागद हवा असेल तर नाही कसा म्हणणार? पण शेडमधला कंपनीचा सूट घालून. स्वतःचा भिजवायचा म्हणजे..." तो थांबला. "वाम्या तर नाहीच. वाम्यानं लाडू काढले होते, साहेब. आम्हाला सांगून हसत होता."

"तुमच्यापैकी कुणीही बॅगेतला कोरडा सूट काढला नसता."

"कुणीही नाही. कोचीच्या कामाला सगळे विमानानं गेलो होतो. प्रत्येकाची बॅग उघडली गेली होती."

"सगळे?"

"साहेब सोडून. कारखानीस साहेब आधीच टेम्पोबरोबर गेले होते, कॉम्प्रेसर घेऊन. नेव्हीत असताना तर सामान नेव्हीच्या ट्रकमधून. त्यांनी आयुष्यात बॅग तोलली नसेल." दिनानाथ जरा हसला आणि लगेच हसू आवरलं. "वर त्यांचा नेव्हीचा नियम. ज्याचा सूट त्यानंच घालायचा. दुसऱ्याचा सूट घातला की आम्हाला शिव्या."

शिरोळेंनी बॅग खाली उतरवली. "खांबापाशी खाली जाऊन बघशील? चिखलात. कापड असेल, जड."

"कंपनीचा सूट घालून जातो," दिनानाथ म्हणाला.

५

कारखानीस शेडमध्ये टेबलापाशी उभे होते. शिरोळेंनी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट टेबलावर ठेवला.

"वामन सकाळी हाच शर्ट घालून आला होता?"

"हो. हाच. माझ्यासमोर खुंटीला अडकवला."

"वाशीहून इथवर रिक्षानं आलेल्या माणसाच्या शर्टाला घामाचा डाग नाही. इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही."

"नीटनेटका माणूस होता."

"कोट कुठाय?"

"कसला कोट?"

"तपकिरी, लोकरी. खिशांत पाने आणि पक्कड. बॅगेचं वजन वाचवायला त्यानं तो अंगावर चढवला होता. रिक्षातून उतरला तेव्हा गावातल्या दोघांनी त्याला हटकलं, लग्नाला चाललास का म्हणून. आज सकाळीच विचारून आलोय. धक्क्यापर्यंत कोट होता, कारखानीस. खुंटीवर नाही, बॅगेत नाही, प्रेतावर नाही. खुंटीवर आहे तो बॅगेच्या तळातला शर्ट. कारण अंगातल्या शर्टाची कॉलर आणि कोट रक्तानं भरले होते."

कारखानीसांनी शर्ट टेबलाच्या कडेला सरकवला.

"त्याला पाण्यात उतरताना पाहिलं असं सांगणारे तुम्ही एकटे आहात. पंढरी म्हणत होता, होडी धक्क्यावरून सोडलीच नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. विमानाच्या दिवशी वामन स्वतःचा सूट भिजवणं शक्य नव्हतं. म्हणजे सूट त्यानं घातला नाही, त्याला घातला. मेल्यावर. आणि मग तुम्ही पाहिलेले बुडबुडे कुणाचे?"

"सूटवरून खून ठरवताय?" कारखानीस शांतपणे म्हणाले. "ज्याचा सूट तो घालतो."

"नौदलात. इथं खिळ्यावर दोन सूट होते. त्यातला एक चढवला असतात तर मी आज पंढरीला कोर्टात नेत असतो."

बाहेर पाणी उसळल्याचा आवाज झाला. खिडकीतून दिनानाथ दिसला. तो शिडी धरून वर येत होता आणि दुसऱ्या हातात चिखलानं माखलेलं गाठोडं होतं. लोकरी कापड, त्याभोवती शिशाचा पट्टा करकचून आवळलेला. ठोकळे लहान होते आणि चौकोनी.

कारखानीसांनी ते पाहिलं. पुढच्या क्षणी टेबलावरची डायव्हिंगची सुरी त्यांच्या हातात होती. पहिला वार शिरोळेंच्या कोपराखाली हाडापर्यंत गेला. दुसरा पोटावर आला, पण शिरोळेंनी बाक मध्ये लोटला आणि दोघेही बाकासकट कोसळले. शिरोळेंनी हाती लागलेला वामनचा जाड तळव्याचा बूट उचलून त्यांच्या मनगटावर हाणलं, एकदा, दोनदा, सुरी सुटेपर्यंत. तोवर दिनानाथ दारात आला होता. पाणी गळणाऱ्या सूटासकट तो कारखानीसांच्या पाठीवर बसला आणि त्यांचं तोंड जमिनीवर आपटू लागला. शिपायांनी त्याला ओढून काढलं तेव्हा कारखानीसांचे पुढचे दोन दात फरशीवर पडले होते.

जीपमध्ये कारखानीस बोलले. त्यांनी कुठंही गयावया केली नाही. रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं.

पोपट गेला त्या दिवशी कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी इंजिनाच्या धुराजवळ आली होती. वामननं ते त्यांना दाखवलं होतं. नळी हलवायची तर काम थांबवावं लागलं असतं. त्यांनी थांबवलं नाही. दोरीही वामनच्या हातात नव्हती, कारखानीसांच्या हातात होती. सर्टिफिकेट पाहिजे असेल तर तोंड बंद ठेव, असं त्यांनी वामनला सांगितलं आणि वामननं ते ऐकलं. काल सर्टिफिकेट खिशात पडल्यावर मात्र तो म्हणाला, विमानाला वेळ आहे. आधी गोजराच्या दारात जातो आणि खरं काय ते सांगतो.

"त्यानं पाठ फिरवली," कारखानीस म्हणाले. "शिशाचा पट्टा हाताशी होता."

पहिल्या घावानं वामन गुडघ्यांवर आला. तिसऱ्यानंतरही दाराकडे सरकत होता. मग चौथा. सूट चढवायला सगळ्यात जास्त त्रास पडला, असंही त्यांनी सांगितलं. पंढरीची होडी धक्क्यालाच बांधलेली होती. तिच्यातून त्यांनी प्रेत खांबापाशी नेलं, होडी परत आणून बांधली आणि तिच्या फळ्या आणि शेडची फरशी धुतली.

६

ठाण्यात शिरोळेंनी आधी कोठडी उघडायला लावली.

"पण साहेब, त्यानं कबूल केलं होतं," खरमाटे म्हणाला.

"आणखी थोडा वेळ मारलं असतंस तर पोपटलाही त्यानंच मारला म्हणाला असता. पट्टा काढ. टेबलावर ठेव. तो आता तुला लागणार नाही. तुझ्यावर मी स्वतः रिपोर्ट लिहिणार आहे."

पंढरी भिंतीला धरून बाहेर आला. उजवा हात सुजून काळानिळा पडला होता. गोजरानं त्याला पायरीवर बसवलं. शिरोळेंनी, हाताला बांधलेल्या फडक्यातून रक्त झिरपत असताना, उभ्या उभ्याच दोघांना सगळं सांगितलं. वामननं दोरी धरली नव्हती हेही सांगितलं. पंढरी ऐकत राहिला. दोन दिवसांपूर्वी ज्याची कॉलर धरली तो काल आपल्याच दाराकडे निघाला होता, हे त्याच्या डोक्यात उतरायला वेळ लागला.

तेवढ्यात शिपायांनी कारखानीसांना जीपमधून उतरवलं. बेड्या, फुटलेलं तोंड, तरीही पाठ ताठ. पायरी चढताना ते गोजरासमोर आले. ती उठून उभी राहिली. शिपाई थबकले.

"माज्या पोराला धुराचा वास आलता का?" तिनं विचारलं.

कारखानीसांनी खाली पाहिलं. 

"त्यानं दोरी ओढली होती," ते म्हणाले.

"कवा?"

"धूर आत जायला लागल्यावर. वर घ्या म्हणून. दोनदा."

"मंग?"

"धक्क्याला मालाची बार्ज लागायची होती. थोडंच काम राहिलं होतं."

पायरीशेजारी काल फुटलेल्या खिडकीखाली एक कांब अजून पडली होती. पंढरीनं ती डाव्या हातानं उचलली तेव्हा सगळे कारखानीसांकडे बघत होते. शिपायांच्या बंदुका खांद्यावर, शिरोळेंचा हात जायबंदी. कांब वर गेली आणि कारखानीसांनी डोळे मिटून घेतले.

"पंढऱ्या!" गोजरानं त्याला मागून धरलं.

"आये, सोड मना."

"फाशीला जातंस? याच्यापायी? मना येकच ऱ्हायलाय रं!"

"सोड म्हनतो!"

त्याला आवरण्याइतकं बळ तिच्या अंगात नव्हतं. तिनं त्याचा उजवा हात पकडला आणि मोडलेली तीन बोटं मुठीत धरून जीव खाऊन आवळली.

पंढरी गुरासारखा ओरडला. कांब पायरीवरून खणखणत खाली गेली. तो गुडघ्यांवर बसला, तिच्या लुगड्यात तोंड खुपसून, आणि तिला शिव्या घालत रडू लागला. गोजरा रडत होती, पण मूठ तशीच होती. शिपायांनी कारखानीसांना आत नेलं. कोठडीचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तिनं ती सैल केली नाही.